दाराची खाट

त्या वर्षी आमच्या रुग्णालयाला 'उत्कृष्ट बदल व्यवस्थापना'ची ढाल मिळाली. पितळेची, सागवानी पाटावर ठोकलेली, मागे भिंतीला अडकवायला एक कडी. ती कडी पहिल्याच दिवशी निखळली.

आता हे विसरा. ढाल मिळाली नाही. अशी कुठली स्पर्धा नव्हती, समिती आली नव्हती, समितीने खरवस खाल्ला नव्हता. मी त्या गावात नोकरीला होतो हे कागदोपत्री असल्यामुळे नाकारता येत नाही, पण बुधवारी संध्याकाळी मी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभा नव्हतो आणि मला कोणी काही विचारलं नव्हतं.

तर त्या न घडलेल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मी पुरुष वॉर्डातल्या खाटांची चाकं काढत होतो.

मी म्हणजे स्वतः नव्हे. चाकं काढत होता वेल्डिंगवाला कासीम. मी पोतं धरून उभा होतो. नेतृत्व म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मला अजून तेच पोतं आठवतं.

"काय ओ बदलसाहेब," चार नंबरच्या खाटेवरून पिराजी आप्पा म्हणाले, "गाडी भंगारात काढालाय काय आमची? स्टेपनी तरी ऱ्हाऊ द्या."

पिराजी आप्पा घोलप यांनी सगळा जन्म न्यू सम्राट ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात घालवला होता. आता फुप्फुसं थकली होती आणि नाकात ऑक्सिजनची नळी होती. "आयुष्यभर लोकांच्या लग्नात मी फुंकलं," ते येईल त्याला सांगायचे, "आता सरकार मलाच फुंकालंय." रुग्णालय सरकारी नव्हतं, ट्रस्टचं होतं. पण आप्पांना विनोदात दुरुस्ती खपायची नाही.

बदलसाहेब मी. माझ्या पदाचं नाव 'बदल समन्वयक' असं होतं. ट्रस्टचे सचिव पेट्रोल पंपाचे मालक होते. त्यांनी पुण्यात एक व्याख्यान ऐकलं, त्यात 'जी संस्था बदलत नाही ती संपते' असं वाक्य होतं, आणि ते घाबरून मला घेऊन आले. मी नुकताच रुग्णालय व्यवस्थापन शिकून बाहेर पडलो होतो आणि मला कोणीच घेत नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे चारजण बदलीचा अर्ज घेऊन आले. त्यातला एक पोस्टमन होता.

मी बरेच बदल केले. सगळ्या कर्मचाऱ्यांना 'बदल म्हणजे मी' असे बिल्ले वाटले. झाडूवाल्या मावशींनी त्यांचा बिल्ला वॉर्डातल्या मांजराच्या गळ्यात बांधला, आणि मांजराने तो बाकी कोणाहीपेक्षा जास्त दिवस वापरला. मी संवाद कौशल्याचं शिबिर घेतलं. वाईट बातमी कशी द्यावी, याच्या तीन पायऱ्या शिकवल्या: बसवा, पाणी द्या, सरळ सांगा. त्यात नातेवाइकाचं काम एका वॉर्डबॉयने केलं आणि तो इतका सुंदर रडला की त्याला बक्षीस द्यावं लागलं.

प्रशिक्षणात मला शिकवलं होतं की जो सगळ्यात जास्त विरोध करेल त्यालाच अध्यक्ष करा. म्हणून मी हेड नर्स समुद्रे सिस्टरना बदल समितीचं अध्यक्ष केलं. त्यांनी अध्यक्षांची खुर्ची ऑफिसातून उचलली, वॉर्डात नेली आणि तिच्यावर सलाइनचं खोकं ठेवलं.

आता चाकं. आमच्या पुरुष वॉर्डात खाटा फार ढकलल्या जायच्या. मधूनच कोणाची तरी खाट भिंतीपासून काढायची, सलाइनच्या स्टँडसकट खडखडत वॉर्डभर न्यायची आणि व्हरांड्याच्या दाराशी लावायची. दाराशी असलेल्याला परत आत. वॉर्डबॉयची कंबर जायची, नळ्या निघायच्या, फरशीवर ओरखडे. मी विचारलं, का? सगळे म्हणाले, असंच. आणि 'असंच' हा तर बदलाचा शत्रू क्रमांक एक, हे मला परीक्षेत आलं होतं. मी आलेख काढला. 'रुग्ण जिथे, सेवा तिथे' असा फलक लावला. दोनदा लेखी सूचना दिली. खाटा ढकलल्या जातच राहिल्या. गुरुवारी ढालीची समिती पाहणीला येणार होती. म्हणून कासीम आणि पोतं.

मला वाटलं होतं, लोक चिडतील. उलट झालं. शेवटचं चाक पोत्यात पडलं तेव्हा पेशंटनी टाळ्या वाजवल्या. सहा नंबरच्या म्हाताऱ्याने माझ्या हातात केळं दिलं. "लई झ्याक केलासा साहेब. आता कोन कुठं जायाला नगो." एकाने उशी हवेत उडवली. माझ्या कारकिर्दीत एखाद्या बदलाचं असं स्वागत कधीच झालं नव्हतं.

फक्त पिराजी आप्पा टाळी न वाजवता माझ्याकडे बघत होते.

"मंग आता आमास्नी कळायचं कसं?" ते म्हणाले.

"काय कळायचं, आप्पा?"

"काय न्हाई. चाकं मोजून घ्या. कासीम एखादं लाटतोय."

"साहेबास्नी तरास दिऊ नगा, आप्पा," त्यांची मुलगी म्हणाली. आक्काताई तिचं नाव. आप्पांची एकुलती एक मुलगी, आई नसलेली, तालुक्याच्या टोकाला दिलेली. आप्पा आल्यापासून ती व्हरांड्यात झोपत होती, आणि रोज मला विचारायची, "साहेब, लगीन कवा?"

"त्येच्या लग्नात मी वाजवणार हाय," आप्पा म्हणाले. "फुकाट. फकस्त पाकीट द्यायचं आन् दोन टायम जेवान."

"मग फुकट कसलं, आप्पा?"

"तुमी बदलसाहेब न्हवं? फुकटाचा अर्थ बदलून घ्या की."

मी स्टोअरला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मंगळवार आनंदात गेला. भिंतींना रंग लागला. मांजराचा बिल्ला पुसला.

बुधवारी दुपारी समुद्रे सिस्टर माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी ऑफिसात यायच्या नाहीत.

"स्टोअरची किल्ली द्या."

"कशाला?"

"चार चाकं पाहिजेत."

"सिस्टर, पेशंट हलवायचा नाही असं ठरलंय. अध्यक्ष तुम्हीच आहात."

"म्हणून तर मागत्येय. नाहीतर कुलूप फोडलं असतं."

"कोणाला हलवायचंय?"

"पिराजी आप्पांना. दाराला घ्यायचंय."

"पण का?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, बाळाच्या कपाळाला हात लावून ताप बघतात तसं.

"तुम्हाला खरंच माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माहीत असून चाकं काढताय. राग आला होता मला. साहेब, माणूस जाणार असं दिसलं की आपण त्याला दाराला घेतो. मी इथं आले तेव्हापासून. माझ्या आधीच्या सिस्टर पण घ्यायच्या. मगदूम डॉक्टर काय बोलतात ते तुम्ही ऐकलंय. प्रयत्न चालू आहेत. सर्दी झाली तरी प्रयत्न चालू आहेत, आणि बॉडी बाहेर काढताना पण प्रयत्न चालू आहेत. मग लोकांना कळायचं कसं? खाट दाराला लागली की कळतं. मुंबईचे पोरगे निघतात. भांडलेला भाऊ येतो. व्हरांड्यात माणसं बसतात, एकेक करून आत येतात, तोंडात पाणी घालतात. बाकीच्या पेशंटना पण त्रास नाही. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. सगळ्या तालुक्याला माहिताय."

ते खरं होतं. रसवंतीवर दोन पोरं भांडताना मी ऐकलं होतं, "जास्त बोललास तर दाराला घ्यावं लागंल तुला." मला वाटलं होतं, ही इकडची साधी शिवी असेल. सोमवारच्या टाळ्या कशाच्या होत्या ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. त्या वॉर्डाला वाटलं होतं, मी मरण बंद केलं.

"आप्पांना किती वेळ आहे?" मी विचारलं.

"उद्या सकाळ बघतील असं वाटत नाही."

"उद्या समिती येणार आहे, सिस्टर. दुपारपर्यंतच. दुपारी मी स्वतः चाकं बसवतो."

"बरं. आप्पांना विचारून येते, दुपारपर्यंत थांबता का म्हणून."

मी खिशातली किल्ली मुठीत धरली.

"किल्ली देत नसाल तर देऊ नका," त्या म्हणाल्या. "पण मग आक्काताईला सांगायला पाहिजे. तोंडानं."

"तुम्ही सांगा ना."

"तोंडानं सांगता आलं असतं तर इतकी वर्षं खाटा कशाला ढकलल्या असत्या? मला नाही जमत. कोणालाच नाही जमत इथं. तुम्ही शिकवलंय. बसवा, पाणी द्या, सरळ सांगा. तुम्ही सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की सांगतो, सिस्टर."

त्या गेल्या. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "आज मी डबल ड्युटी करते. तुमच्या समितीसाठी नाही."

संध्याकाळी मी व्हरांड्यात गेलो तर आक्काताई पायऱ्यांवर पिशवी बांधत होती. मी तिला म्हणालो, "बसा." ती बसली. मी कूलरवरून पेला भरून आणला. ती पाणी प्यायली. दोन पायऱ्या झाल्या होत्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"घरला जाऊन येतो साहेब. म्हस यायला झालीया. पयल्या येताची हाय, सासूबाईला जमायचं न्हाई, आन् मालक कारखान्यावर पाळीला. पोटात रेडकू आडवं बिडवं आसलं तर दोनी जातील. आप्पाच म्हनालेत, जा. खरवस घिऊन ये म्हनालेत." ती हसली. "त्येस्नी खरवस म्हंजे जीव. लग्नाच्या सुपाऱ्या सोडून खरवसाला यायचे माझ्याकडं."

"अच्छा," मी म्हणालो.

"शेवटची यष्टी हाय आता. सकाळच्या पयल्या गाडीनं माघारी येतो." ती पिशवी उचलून उभी राहिली आणि तिथेच थांबली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "साहेब, एक इचारू? खरं सांगा. आप्पास्नी दाराला न्हाई न्हवं घ्यायचं?"

तिने 'हो' ऐकलं असतं तर ती थांबली असती. मग पाहुणे आले असते, बँडवाले आले असते, सकाळपर्यंत नवीन रंगवलेला व्हरांडा माणसांनी भरला असता, आणि समिती त्यातून वाट काढत आत आली असती. हे मला त्या क्षणी सुचलं असं म्हणायला मला आवडेल. ते मला दुपारीच सुचलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "आप्पा आहेत तिथेच आहेत."

यात एक शब्द खोटा नव्हता. चाकं कुलपात होती.

आक्काताईने पिशवी खाली ठेवली, माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "औक्षवंत व्हा," म्हणाली, आणि फाटकातून स्टँडकडे गेली. अगदी तरातरा. काळजी नसलेलं माणूस चालतं तशी.

परत निघताना समुद्रे सिस्टर भेटल्या.

"बोललात?"

"बोललो."

"धीराची आहे ती," त्या म्हणाल्या.

गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो. चार नंबरच्या खाटेवर नवी चादर होती, एकही सुरकुती नसलेली. मी ती चादर बघून आधी खूश झालो. हे मी लिहायला नको होतं.

"पहाटे," समुद्रे सिस्टर म्हणाल्या. आप्पांना बाजूच्या खोलीत ठेवलं होतं. "आक्का बाहेर बसलीय असं त्यांना वाटत होतं. सारखं दाराकडं बघत होते. मला पण वाटलं, पाहुण्यांना फोन करायला गेली असेल, येईल. मग मी फोन लावला. उचलला नाही." त्या चादरीचा कोपरा उगाच परत खोचत राहिल्या. "बोललात म्हणालात."

तेवढ्यात सचिवांचा आवाज आला, "या, या, इकडून या," आणि समिती वॉर्डात शिरली. तीन माणसं, तिघांच्याही हातात पाण्याच्या बाटल्या. अध्यक्ष प्रेमळ गृहस्थ होते. त्यांनी खाली वाकून खाटांचे पाय बघितले, 'वा' म्हणाले आणि समुद्रे सिस्टरकडे वळले.

"सिस्टर, बदल समितीच्या अध्यक्ष तुम्ही. तुमच्या मते सगळ्यात मोठा बदल कुठला झाला?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आता माणसं हलत नाहीत," त्या म्हणाल्या.

"सुंदर!" अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

समिती चहाला ऑफिसात गेली. मी हवा खायला पायऱ्यांवर आलो आणि समोरून आक्काताई आली. केस विस्कटलेले, लुगड्याला शेण, हातात पितळी डबा, तोंडभर हसू.

"रेडी झाली साहेब! रातभर गोठ्यात हुतो. आडवीच हुती, हात घालून वळवली. फोन बी घरात ऱ्हायला." तिने डबा माझ्या हातात दिला. "गरम हाय. आधी तुमी घ्या, मग ऱ्हायल्याला आप्पास्नी द्या. न्हाईतर त्ये सगळा सपवतील."

"आक्काताई," मी म्हणालो.

"आलोच, तोंड दावून," ती म्हणाली आणि आत गेली.

मी डबा धरून उभा होतो. आतून सचिवांनी हाक मारली, "अहो, ते काय आणलंत? आणा, आणा." शिपायाने माझ्या हातातून डबा घेतला. खरवस ताटल्यांत वाढला गेला. वेलदोडा घातलेला, थरथरणारा.

"हा कुठून?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेशंटच्या नातेवाइकांनी आणलाय," सचिव म्हणाले. "फार प्रेम आहे हो लोकांचं."

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि तपासणीच्या कागदावर रुग्णसमाधानापुढे 'अत्युत्कृष्ट' लिहिलं. त्याच वेळी वॉर्डाकडून आवाज आला. तिघांनीही चमचे थांबवले.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रयत्न चालू आहेत," मगदूम डॉक्टर म्हणाले.

समिती गेल्यावर आक्काताई ऑफिसच्या दारात आली. तिच्यामागे गावाकडचे चारपाच जण होते, कोणाच्या तरी जीपमधून आलेले. त्यातला एक तरुण माझ्या अंगावर येत म्हणाला, "आदी सांगायला काय हुतं? तोंडं शिवली हुती काय तुमची?"

"गप रं," आक्काताई म्हणाली. "साहेबास्नी मी सोता इचारलं हुतं. दाराला घेतलं न्हाई म्हनले. न्हाईच घेतलं हुतं. खाट हाय तितंच हाय, बघून ये जा. अचानक झालं. त्येस्नी तरी काय म्हाईत?"

मग ती मला म्हणाली, "तुमी वाईट वाटून घिऊ नगा, साहेब."

मी मान हलवली. मी वाईट वाटून घेऊ नये यासाठी ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "डबा द्या. मोकळा झाला?"

शिपायाने डबा विसळून आणून दिला. तिने आत बघितलं.

"आप्पांच्या वाटणीचा बी खाल्लासा," ती म्हणाली, रागाने नाही. "ग्वाड हुता?"

"हो," मी म्हणालो.

चाकं मी त्याच दुपारी बसवली. शब्दाला जागलो. पण आता खाट दाराला नेली तरी लोकांचा विश्वास बसेना, आणि नाही नेली तरी बसेना. पिराजी आप्पांना न हलवताच ते गेले, हे तालुकाभर झालं होतं. त्यामुळे ज्याचा माणूस आत आहे तो घरी जाईनासा झाला. पायाला गळू झालेल्याचेही अकराजण व्हरांड्यात झोपायला लागले. म्हशी न पिळता राहिल्या, पोरं शाळेत जाईनात. शेवटी सचिवांनी गर्दी-नियंत्रण समन्वयक म्हणून आणखी एक माणूस घेतला. समुद्रे सिस्टर माझ्याशी पुढेही बोलत राहिल्या, औषधं, पाळ्या, चादरी, सगळं. त्या दिवसाबद्दल एकदाही नाही. मी नोकरी सोडली तेव्हा सचिवांनी ती ढाल मलाच देऊन टाकली, कारण कडी निखळलेली होती आणि भिंतीवर टिकत नव्हती.

म्हणजे, टिकली नसती. मिळाली असती तर.

आता मी मोठ्या शहरात असतो आणि इतर रुग्णालयांना बदल कसा करावा ते सांगतो. पैसे बरे मिळतात. लग्न झालं. बँड नव्हता, मी नको म्हणालो. दर काही महिन्यांनी मी एक अर्ज लिहितो आणि पाठवत नाही. या खेपेचा असा:

प्रति, मा. सचिव, आरोग्य ट्रस्ट. विषय: तोंडी दिलेले उत्तर पूर्वलक्षी प्रभावाने मागे घेण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्र विनंती की, त्या बुधवारी सायंकाळी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर श्रीमती आक्काताई यांना खाली सही करणाराने दिलेले उत्तर रद्द समजण्यात यावे व त्याऐवजी 'थांबा' इतकेच नोंदवण्यात यावे. श्रीमती आक्काताई निघाल्या असल्यास शेवटची बस फाट्यावर अडवून धरण्यात यावी. सदर म्हैस पहिल्या येताची असल्याने तिच्याकरिता जाणकार माणूस कार्यालयाने तातडीने रवाना करावा. स्टोअरची किल्ली सोबत जोडली आहे. तरी खाट क्रमांक चार आजच्या आज, उजेड आहे तोवर, दाराला घेण्यात यावी, ही विनंती.